'आमच्या वेळी…'

'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी सुरू होणारे वाक्य ऐकले की मी थोडा सावरून बसतो. बोलणारा माझ्याच वयाचा असला तर अधिकच. माझे आजोबा हे शब्द उच्चारीत तेव्हा पुढे तुपाचा भाव येई. वडिलांच्या तोंडी ते आले की शाळेतल्या छडीची गोष्ट निघे. आता चाळिशी ओलांडलेली आम्ही मंडळी तेच शब्द उच्चारतो, आणि पुढे काय येते? एक चित्रमालिका! तूप नव्हे, छडी नव्हे, स्वातंत्र्याचा लढा तर नव्हेच नव्हे. लांडग्यांच्या कळपात वाढलेला एक पोर आणि रविवारची सकाळ. एवढ्या भांडवलावर चार कर्ती माणसे हातातला चहा निवेपर्यंत बोलत राहतात आणि शेवटी एकदम गप्प होतात.

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, आणि मी हसतोही. पण हसून झाल्यावर त्या गप्प होण्याचा विचार मनातून जात नाही. हल्ली याला स्मरणरंजन असा एक भारदस्त शब्द निघाला आहे. मी काही तत्त्वज्ञ नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. तरी मला असे विचारावेसे वाटते की, हे रंजन आपण समजतो तितके निष्पाप आहे काय? गेलेला काळ गोड होता असे म्हणताना तो कोणाला गोड होता हे सांगण्याची जबाबदारी आपल्यावर येते की नाही?

प्रथम त्या मालिकेविषयी. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' हिंदीतून लागत असे. मूळ मालिका जपानची. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने ती १९८९-९० साली बावन्न भागांत काढली होती. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची, आणि शेरखान वाघाला आवाज दिला होता तो नाना पाटेकरांनी. मुरूड-जंजिऱ्याला जन्मलेला माणूस सातपुड्याकडच्या वाघाच्या तोंडून हिंदीत गुरगुरत होता, आणि वाघाची हालचाल मात्र जपानी चित्रकारांच्या हातची होती! मोगलीच्या हातात बूमरँग असे. हे हत्यार ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे. ते मध्य हिंदुस्थानच्या रानात कसे पोचले, हे त्या वेळी आमच्यापैकी एकाही मुलाने विचारले नाही. आम्ही बाभळीची वाकडी फांदी तासून तसले बूमरँग करीत होतो. ते फेकले की परत येत नसे. शेजाऱ्याच्या कौलावर जाऊन बसे.

ज्याला आम्ही 'आमचे' बालपण म्हणतो ते असे चार देशांतून जमवलेले होते. त्याच्या मुळाशी गेले तर आणखी एक माणूस भेटतो, आणि तोही आमच्यासारखाच मागे वळून पाहत बसलेला.

रुडयार्ड किपलिंग हा ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. घरात एक ख्रिस्ती आया आणि मीता नावाचा एक हिंदू गडी. मूल या दोघांच्या अंगाखांद्यावर वाढले; त्यांच्याकडून गोष्टी ऐकल्या, त्यांची भाषा इंग्रजीच्या आधी जिभेवर आली, आयेचे बोट धरून सकाळी फळबाजारात हिंडून झाले. १८७१ साली, सहावे वर्ष पुरे होण्याच्या आत, आईबापांनी त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडात साऊथसी येथे एका परक्या कुटुंबात ठेवले आणि ते परत आले. तिथली पाच-सहा वर्षे त्या पोराने छळात काढली. पुढे, १८९२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या व्हरमाँट प्रांतात बाहेर बर्फ पडलेले असताना तो मोगलीच्या कथांकडे वळला. कथेतले रान सिवनीचे. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. पेंचचे जंगल पाहायला गेलेल्या आपल्याकडच्या पुष्कळांना ते ठाऊक असेल. किपलिंगने मात्र ते रान कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते असे सांगतात. आईबापांपासून तुटलेले पोर, त्याला पोटाशी धरणारी परकी जनावरे, आणि आपण नेमके कोणाचे हा त्याचा न सुटणारा पेच. हे मात्र त्याला ऐकीव नव्हते.

म्हणजे मोगलीचा जन्मच मुळी हुरहुरीतून झाला, असे म्हणायला हरकत नाही. ते समजल्यावर मला किपलिंगविषयी माया वाटली. एरवी गोऱ्या साम्राज्याचा अभिमान मिरवणाऱ्या या लेखकाविषयी मला माया वाटण्याचे कारण नव्हते. पण लगेच दुसरा विचार आला. त्याच्या आठवणीतली मुंबई इतकी सोनेरी दिसते, तिच्यातली ती आया कुठे राहत होती? तिला स्वतःची मुले होती का? गोऱ्या साहेबाचे पोर फळबाजारात मिरवताना तिची स्वतःची पोरे कोणाजवळ असत? पुढे म्हातारपणी ती 'आमच्या वेळी' असे म्हणाली असेल, तर पुढे काय म्हणाली असेल? साहेबाच्या मुलाचे आत्मचरित्र १९३७ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. आयेचे झाले नाही.

ही आया एकदा डोक्यात शिरली, आणि मग मला आमच्या आळीतली ती खोली नीट दिसू लागली.

आमच्या आळीत तेव्हा टी.व्ही. एकाच घरी होता. कृष्णधवल, लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा. वारा सुटला की कौलांवरची अँटेना फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. मग एखादा दांडगा मुलगा वर चढे. तो वरून "आलं का?" म्हणून ओरडे आणि आम्ही खालून "गेलं, गेलं! हां, तिथंच धर!" म्हणून गलका करीत असू. अर्धा मोगली त्याच्या हातात अशा रीतीने अक्षरशः धरलेला असे. घरची मुले पलंगावर. आम्ही आळीतली मुले खाली फरशीवर, मांडीला मांडी लावून. आणि गावाबाहेरच्या वस्तीवरची चार-पाच मुले अंगणात, खिडकीच्या गजांना धरून उभी. त्यांना कोणी 'आत येऊ नका' म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हणावे लागतच नव्हते. कोणी कुठे बसायचे हे मूल पायांवर उभे राहण्याच्या आधीच गावात ठरलेले असे. फरशीवरचा मी पलंगाकडे पाहून हेवा करीत होतो. खिडकी माझ्या पाठीमागे होती.

त्या खिडकीतला एक मुलगा गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात भेटला. आता पिंपरीत एका कारखान्यात फोरमन आहे. मजबूत माणूस, हसरा. जेवणाच्या पंगतीत मी त्याला विचारले, "मोगली आठवतो का रे?"

"न आठवायला काय झालं?" तो म्हणाला. "पण मास्तर, तुझा मोगली आख्खा होता. माझा दोन गजांच्या मधला. लांडगे कडेला पळाले की तू बघायचास, आम्ही अंदाज करायचो." आणि मग जिलबीचा तुकडा मोडत म्हणाला, "आवाज मात्र सगळ्यांना सारखा. शेरखान गुरगुरला की आतबाहेर काही राहायचं नाही."

"पुन्हा यावेत असं वाटतं का ते दिवस?"

"ते दिवस? छे! मोगली पायजे." त्याने खिशातून मोबाईल काढून दाखवला. सगळे भाग त्यात होते. रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसने घरी जाताना तो एकेक भाग पाहतो. आता पडद्याच्या दोन्ही कडांसकट.

त्याच्या त्या दोन शब्दांत जी निवड होती ती आम्हा फरशीवरच्या आणि पलंगावरच्या मंडळींना कधी करावीशी वाटली नव्हती. आम्ही मोगलीबरोबर सगळी खोलीच मागतो. मोगली गोड, म्हणून ती सकाळ गोड. सकाळ गोड, म्हणून तो गाव गोड. आणि असे करत करत 'तेव्हा माणसे कशी मिळूनमिसळून राहत' इथपर्यंत आमची गाडी येऊन थांबते. एका चित्रवाघाच्या पाठीवर बसून एवढा मोठा प्रवास!

बरे, ते १९९३ साल तरी काय होते? जानेवारीत मुंबई दंगलींनी जळत होती. १२ मार्चला तिथे बाँबस्फोट झाले. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. हजारो माणसे झोपेतच गेली. हे सारे त्याच वर्षात. आम्हा मुलांना ते वर्ष मोगलीचे म्हणून आठवते, याचे कारण एवढेच की बातम्या आणि आम्ही यांच्यामध्ये कोणीतरी मोठे माणूस उभे होते. माझी आई, उदाहरणार्थ. रविवार हा तिचा धुण्याचा वार. आख्ख्या आठवड्याची बोचकी घेऊन ती नदीवर जाई ती आमचा भाग संपल्यावर परते. तिने मोगली एकदाही पाहिला नाही. मोगली कोण, असे तिने मला विचारले होते. लांडग्यांत वाढलेला मुलगा, म्हटल्यावर 'त्याची आई काय करत होती?' असा तिचा पुढचा प्रश्न होता.

इथे कोणी मला अडवील. म्हणेल, मास्तर, एवढ्याशा आनंदाची कशाला चिरफाड करता? कोणाचे काय बिघडते? मान्य आहे, दोन घटका हळहळण्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते हळहळीचा गज हातात घेऊन आपण मुलांची उंची मोजू लागतो तेव्हा. माझ्या मुलाला मी तो पहिला भाग दाखवला. त्याने तो निमूटपणे पाहिला, बापाचे मन राखण्यापुरता. मग विचारले, "बाबा, दुसरा भाग लगेच का नाही बघायचात?" मी म्हटले, आठवडाभर थांबावे लागे. "कशासाठी?" याचे उत्तर मला देता येईना. थांबावे लागे म्हणून थांबत होतो.

खरे म्हणजे त्या मालिकेतला आमच्या मालकीचा भाग असलाच तर तो हा आठवडा. चित्रे जपानची, कथा किपलिंगची, गाणे गुलजारांचे. पण रविवार ते रविवार यांच्यामधले सहा दिवस आमचे. सोमवारी शाळेच्या वाटेवर पुढे काय होईल यावर पैजा लागत. बुधवारपर्यंत आम्ही शेरखानला तीनदा मारलेला असे आणि बगीराचे लग्न लावलेले असे. पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो; त्यांची पहिली उमेदवारी त्या वाटेवर झाली असे मी मानतो. तेव्हा त्या थांबण्याचे मोल मी जाणतो. पण ते थांबणे आम्ही व्रत म्हणून घेतले नव्हते. एकच वाहिनी, एकच संच आणि बेभरवशाची वीज, यांतून ते आले होते. माझ्या ओळखीचे काही पालक आता मुलांना मुद्दाम आठवड्याला एकच भाग दाखवतात, त्यांना आमच्यासारखी ओढ लागावी म्हणून. भरल्या घरात उपासाची भूक कशी लागायची? मुलांना ती शिक्षा वाटते, आणि शिक्षाच आहे ती.

आणि मुलांची स्वतःची हुरहूर तर केव्हाच सुरू झालेली असते. मध्यंतरी पाचवीच्या वर्गाला मी निबंधाला विषय दिला: 'पुन्हा यावेसे वाटणारे दिवस'. दहा-अकरा वर्षांच्या पोरांना कसले आले गेलेले दिवस, म्हणून मनात थोडे हसूही आले. वह्या आल्या तेव्हा एका मुलीने लिहिले होते, 'लॉकडाऊनचे दिवस'. मी तिला वर्गात वाचायला सांगितले. शाळा बंद होती, पप्पा घरी होते, सगळे मिळून दुपारी झोपायचे, रस्त्यावर गाडी नसायची म्हणून मोर आला होता. मुलगी वाचत होती आणि वर्ग माना डोलावत होता. माझ्या डोळ्यांपुढे २०२० आणि २०२१ साल उभे राहिले. ते कसे होते हे तुम्हा वाचकांना सांगायला नको. तिला थांबवून 'बाळ, ते दिवस चांगले नव्हते' असे सांगावे काय? मी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाकडे पाहिले. त्याचे आजोबा त्या साथीत गेले होते, हे मला माहीत होते.

तो मुलगा हात वर करून उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्याकडे पण मज्जा होती. मी आणि आजोबा दिवसभर पत्ते खेळायचो. ते मला मुद्दाम जिंकू द्यायचे." आणि खाली बसला.

त्याला तरी कोणत्या तोंडाने काय सांगणार? त्या वर्षातून एवढेच तर त्याच्या वाट्याला शिल्लक राहिले होते. माझ्या सगळ्या विचारांची घडी त्या एका वाक्याने विसकटली, आणि ती अजून नीट बसलेली नाही. मुलीचे वडील घरी होते हे खरे. कोणाचे तरी वडील त्या वेळी घराकडे पायी चालत होते हेही खरे. आणि आजोबा मुद्दाम हरत होते हेही खरेच. एकाने दुसरे पुसले जात नाही, एवढेच मला दिसते.

मग मुलांनी विचारले, "सर, तुमचे कोणते दिवस?" मी त्यांना मोगली सांगितला. अँटेना सांगितली, मुंग्या सांगितल्या, कौलावर अडकलेले बूमरँग सांगितले. पलंगावर कोण बसे, फरशीवर कोण आणि खिडकीबाहेर कोण, तेही सांगितले. मुले ऐकत होती. बूमरँगला हसली, शेरखानचा आवाज काढून दाखवा म्हणाली. मग ती लॉकडाऊनवाली मुलगी म्हणाली, "सर, पण पाऊस आल्यावर ती खिडकीतली मुलं काय करायची?"

मला माहीत नव्हते. पाऊस आला की घरमालक ती खिडकी लावून घेत, एवढे आठवते. पिंपरीचा फोरमन नरकचतुर्दशीला गावी येतो आहे, त्याला विचारीन.