बिऱ्हाड कोठे मांडायचे?



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एक तरुण जोडपे आमच्याकडे आले. नवरा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. त्याला दुबईत नोकरी मिळत होती. पगार येथल्या तिप्पट. आम्ही आनंदाने म्हणालो, "मग विचार कसला करता? देवाचे नाव घ्या आणि निघा." तेव्हा त्याची पत्नी हळूच म्हणाली, "फादर, निघायचं खरं, पण राहायचं कुठं? कंपनी ह्यांना एक खाट देणार आहे. मी आणि दोन लेकरं त्या खाटेवर कशी मावणार?"

आम्ही गप्प झालो. आमची बदली होते तेव्हा नव्या धर्मग्रामात आमची खोली झाडून ठेवलेली असते. घर शोधण्याची पाळी आमच्यावर कधी आली नाही, म्हणूनच ‘निघा’ हा शब्द आमच्या तोंडून इतक्या सहज निघाला. त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. जे काम माणसाला बोलावते, पण त्याच्या कुटुंबाला दाराबाहेर ठेवते, ते त्याने स्वीकारावे काय?

घर सोडणे मुळात वाईट नव्हे. आपल्या सिद्धगडाकडेच पाहा. माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील घरदार सोडून ह्या रानात राहिले आणि २ जानेवारी १९४३ रोजी येथेच पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्या दिवशी लोक गडाच्या पायथ्याशी जमून त्यांना वंदन करतात. परंतु त्यांनी घर सोडले ते व्रत म्हणून. आम्ही धर्मगुरूही व्रत घेऊनच घर सोडतो. पोटासाठी बाहेर पडणाऱ्याने असे कोणतेही व्रत घेतलेले नसते. त्याने विवाहाच्या वेदीपुढे वचन दिलेले असते ते सोबत राहण्याचे.

परदेश ही दूरची गोष्ट झाली. आपल्या डोळ्यांसमोर काय घडते? दिवाळी झाली की सिद्धगडाच्या आसपासच्या वाड्यांतील कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घेतलेला बयाणा फेडायचा असतो. नवरा-बायको मिळून चिखल करायचा, विटा पाडायच्या, मजुरी हजार विटांमागे. राहायला कच्च्या विटा रचून केलेला आडोसा, वर गवत किंवा प्लास्टिक. येथे कुटुंब सोबत असते, पण घर नसते. मुलांची शाळा मात्र गावातच राहून जाते. दुबईच्या फिटरला खाट मिळते, पण कुटुंब मिळत नाही. भट्टीवरच्या मजुराला कुटुंब मिळते, पण छप्पर मिळत नाही. दोघांच्याही मालकाला हवे असतात ते फक्त दोन हात.

आखातातील व्यवहार थोडा समजून घेऊ. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये नियम केला की, ज्याला बायको-मुलांना बोलवायचे आहे त्याचा पगार दरमहा किमान ४,००० दिरहॅम असावा, किंवा ३,००० दिरहॅम आणि वर राहण्याची जागा. शिवाय घराचा भाडेकरार सरकारदरबारी नोंदवलेला लागतो. भाड्याचे धनादेश तर कित्येक महिन्यांचे आगाऊ द्यावे लागतात. म्हणजे पगार दिसतो मोठा, पण घर घ्यायला जावे तर तो अपुरा पडतो. मग माणूस एकटाच जातो आणि एका खोलीत सहा-आठ जणांबरोबर राहतो. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली. त्या एका इमारतीत १९० हून अधिक कामगार राहत होते. मृत्युमुखी पडलेल्यांत चाळीसहून अधिक भारतीय होते. राहण्याची जागा कशी आहे हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, जिवाचा आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कान्टचा एक विचार आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असा त्याचा आशय. त्याचा खरा अर्थ आम्हांला त्या बाईच्या प्रश्नाने शिकवला. माणूस कामाला येतो तेव्हा तो एकटा येत नाही. तो कोणाचा तरी नवरा आणि कोणाचा तरी बाप म्हणून येतो. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ ह्या परिपत्रकात म्हटले आहे की, कुटुंबाचा नीट सांभाळ होईल एवढे वेतन मिळणे हा न्याय आहे. १९८३ मध्ये ख्रिस्तसभेने कुटुंबाच्या हक्कांची सनद प्रसिद्ध केली. कुटुंबातील माणसांच्या संख्येला पुरेल असे घर मिळणे आणि परदेशी गेलेल्या कामगाराचे कुटुंब लवकरात लवकर एकत्र येणे, हे दोन्ही तिने हक्क मानले आहेत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६१ मध्ये कामगारांच्या घरांविषयी शिफारस केली. अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास मालकाने स्वतःच घर पुरवणे इष्ट नाही, असे तिच्यात म्हटले आहे. ह्यातील शहाणपण भट्टीवर कळते. कामाबरोबर आलेले छप्पर कामाबरोबरच जाते. मग अन्याय झाला तरी माणूस बोलत नाही, कारण बोलला तर रात्री झोपायचे कोठे?

तुम्ही म्हणाल, "फादर, हे सगळे खरे, पण मुलांच्या शिक्षणाचे काय? कर्ज कोण फेडणार?" तुमचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. पाच वर्षे एकट्याने काढून लेकरांना वर आणणाऱ्या बापाला आम्ही दोष देणार नाही. तो त्यागच आहे. परंतु त्यागाला शेवट ठरलेला असावा. ‘आणखी एक वर्ष, मग येतो’ असे म्हणता म्हणता मुले मोठी होतात. पैशाने गावी सिमेंटचे घर उभे राहते आणि त्याच घरात बाप सुट्टीतला पाहुणा होतो.

उत्पत्तीच्या पुस्तकातील लोट आठवा. अब्राहामाने त्याला हवी ती जागा निवडायला सांगितली. लोटने हिरवेगार, पाण्याचे खोरे पाहिले आणि सदोमजवळ तंबू ठोकला. चारा पाहिला, शेजार पाहिला नाही. त्याची किंमत पुढे सगळ्या कुटुंबाने मोजली.

म्हणून आमची विनंती अशी. जाण्याचा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. राहण्याची जागा कोणती, खोलीत माणसे किती, भाडे कोण देणार, हे करारात लिहून घ्यावे आणि एजंट सरकारकडे नोंदलेला आहे की नाही ते आधी पाहावे. कुटुंब केव्हा एकत्र येणार, तेथे किंवा येथे, ती तारीख निघण्यापूर्वी ठरवावी.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकी काहींच्या खोल्या भाड्याने आहेत. कामासाठी परगावाहून आलेले कुटुंब दारात उभे राहते तेव्हा आपण काय विचारतो? "माणसं किती? मुलं लहान आहेत का? जात कोणती?" आपल्या मुलाला दुबईत कोणी असे विचारले तर आपल्याला राग येतो. योसेफ आणि मरिया बाळाला घेऊन मिसर देशात गेले, तेव्हा तेथे कोणीतरी त्यांना जागा दिलीच असेल. त्या माणसाचे नाव पवित्र शास्त्रात नाही. ते काम कोणालाही, अगदी आपल्यालाही करता येण्यासारखे आहे.

ते जोडपे गेल्या आठवड्यात पुन्हा आले. त्याने कंपनीला पत्र लिहून कुटुंबासाठी जागेची सोय विचारली आहे. उत्तर अजून आलेले नाही. ह्या वेळी आम्ही ‘निघा’ म्हणालो नाही. त्यांना बसवून चहा दिला आणि तिघांनी मिळून प्रार्थना केली.

तुमचा धर्मगुरू