पंक्तिप्रपंच

पंगतीत एकाच्या पानात तूप आणि शेजारच्याच्या पानात कोरडी पोळी, असला पंक्तिप्रपंच आमच्या घरी पाप मानीत. शाळेतही मी मुलांना तेच शिकवीत आलो. गेल्या दिवाळीने मात्र माझे हे तत्त्व चांगलेच कोड्यात टाकले.

माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीला गहू चालत नाही. गव्हातील ग्लूटेनने तिच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात हा दोष गव्हाकडे आहे असे दाखविले. जन्मभराचे पथ्य, हाच त्यावर उपाय.

फराळाच्या वेळी पोर इतरांच्या ताटांकडे पाहत बसली होती. मला राहवेना. ‘चार शंकरपाळ्यांनी काय होते?’ म्हणत मी वाढले. पुढचे दोन दिवस ती पोट धरून निजून होती. समतेची हौस माझी, पोट तिचे!

आमच्या यवतमाळकडे ज्वारीची भाकर हे गरिबाचे अन्न. आता शेते कापूस, तूर, सोयाबीनची. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. त्याच जानेवारीपासून रेशनचे धान्य फुकट झाले. आमच्या दुकानात मात्र बहुधा गहू-तांदूळच येतात. म्हणजे धाकट्या भावाला गहू फुकट आणि ज्वारी विकत! शिवाय गिरणीवाल्याला विनवायचे, ‘गव्हावर दळू नका हो.’ हिंगाच्या डबीतसुद्धा गव्हाचे पीठ असते, तेही पाहायचे.

भाऊ म्हणाला, ‘घरातला गहूच बंद करतो.’ त्याचा थोरला म्हणाला, ‘माझ्या पोळीनं काय केलं?’ दोघांचेही खरेच होते.

पोटे निराळी असताना सर्वांना एकच वाढणे हाही पंक्तिप्रपंचच, हे मला उशिरा कळले. पण निराळे पान उपकार म्हणून कोपऱ्यात मांडले, तर जुने पाप पुन्हा दाराशी येतेच. आणि पंगत साऱ्या घराची असताना त्या पानाचा खर्च एकट्या बापाने का सोसावा?

यंदा ज्वारीचे पोते मी भरले. अनारसे, बेसनाचे लाडू आणि तांदळाच्या भाजणीची चकली आधी झाली. करंज्या मागाहून, निराळ्या कढईत. पहिल्या पंगतीला सर्वांनाच तेच वाढले. पोरीने आपले ताट पाहिले, भावाचे पाहिले आणि म्हणाली, ‘मोठे बाबा, मला अजून एक अनारसा.’