जिम मार्टिनचं वय

तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर, लोन पाईन नावाच्या टेकडीवर एक दगडी स्मारक उभं आहे. ज्यांना कबरही मिळाली नाही, ज्यांचे देह समुद्रात सोडावे लागले, अशा ४,९०० हून अधिक ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैनिकांची नावं त्यावर कोरलेली आहेत. त्यांतलं एक नाव एकविसाव्या बटालियनच्या पायदळी शिपायाचं आहे, जेम्स मार्टिन. घरी त्याला जिम म्हणत. भरतीच्या कागदावर त्याचं वय १८ लिहिलेलं होतं. तो गेला तेव्हा १४ वर्षं ९ महिन्यांचा होता. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांत याहून लहान कुणी असल्याची नोंद नाही.

जिमचा जन्म ३ जानेवारी १९०१ चा, न्यू साउथ वेल्समधल्या टोकमवाल या छोट्या गावातला. बहिणींच्या पाठीवरचा आणि पुढचा, घरातला एकुलता एक मुलगा. पुढे कुटुंब मेलबर्नच्या हॉथॉर्न भागात स्थिरावलं. शाळा संपवून तो शेतमजुरी करत होता. युद्ध सुरू झाल्यावर वडील भरतीला गेले आणि त्यांना परत पाठवण्यात आलं. मग मुलगा म्हणाला, मी जातो. आईवडिलांनी अर्थातच नकार दिला. त्यावर त्याने सांगितलं की सही दिली नाहीत तर खोट्या नावाने जाईन आणि पत्रही पाठवणार नाही. एकविशीच्या आतल्या मुलाला आईवडिलांची लेखी संमती लागत असे. आईने ती दिली, कारण निदान पत्रं तरी येतील. १२ एप्रिल १९१५ ला जिम भरती झाला.

ही हकिगत सांगताना बहुतेक जण त्याच्या धैर्यापाशी थांबतात. त्याच्या धैर्याबद्दल मलाही शंका नाही. पण हा मुलगा आपल्या मर्जीने गेला, असं जे म्हटलं जातं, त्यापाशी मी अडखळतो. चौदाव्या वर्षी माणसाची मर्जी कुठून येते, हे विचारायला हवं.

ऑस्ट्रेलियात १९११ पासून, म्हणजे युद्धाच्या तीन वर्षं आधीपासून, मुलांना लष्करी शिक्षण सक्तीचं होतं. वयाच्या बाराव्या वर्षी मुलगा ज्युनियर कॅडेट व्हायचा, चौदाव्या वर्षी सीनियर कॅडेट. गणवेश, कवायत, पुढे बंदूक. जी मुलं कवायतीला गैरहजर राहत त्यांच्यावर खटले भरले जात. असे हजारो खटले झाले आणि काही मुलांना लष्करी कोठडीही झाली. जिम या व्यवस्थेतच वाढला. सैनिक होणं हेच पुरुष होणं, ही शिकवण त्याला बारा वर्षांचा असल्यापासून सरकारच्या खर्चाने मिळाली होती. त्याच्या भोवती भरतीची भित्तिपत्रकं होती, न जाणाऱ्या तरुणांच्या हातात पांढरं पीस देऊन त्यांना भेकड ठरवण्याची रीत होती, आणि घरात परत पाठवलेले वडील होते. या सगळ्यातून जी इच्छा तयार झाली, तिच्यावर एकट्या जिमची सही घेणं मला अन्यायाचं वाटतं.

याच देशातल्या प्रौढांचं वागणं शेजारी ठेवून पाहा. ऑक्टोबर १९१६ मध्ये सक्तीने माणसं परदेशी लढाईला पाठवावीत का, यावर सार्वमत झालं. सुमारे ७२ हजारांच्या फरकाने लोकांनी नाही म्हटलं. डिसेंबर १९१७ मध्ये पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. ऑस्ट्रेलियाची फौज शेवटपर्यंत स्वयंसेवकांची राहिली आणि या गोष्टीचा त्या देशाला योग्य अभिमान आहे. लोकशाहीने युद्धाच्या ऐन भरात सरकारला अडवलं, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र मत द्यायला एकवीस वर्षं पूर्ण असावी लागत. ज्यांना मत होतं त्यांनी स्वतःवरची सक्ती दोनदा नाकारली. बारा वर्षांच्या पोरावरची कवायतीची सक्ती मात्र आधीपासून चालू होती, आणि ती हवी का हे त्या पोराला कुणी विचारलं नव्हतं.

भरती करणाऱ्यांनी काय पाहिलं? एक उंच मुलगा, ५ फूट ६ इंच, तब्येतीने धडधाकट, हातात आईवडिलांचं पत्र. जन्मदाखला मागण्याचा नियम असता तर तो त्याच दिवशी घरी गेला असता. गरज माणसांची होती, त्यामुळे शंका घेण्यात कुणाचाच फायदा नव्हता. १९१५ च्या त्या वर्षातच उंचीची किमान अट ५ फूट २ इंचांपर्यंत खाली आणली गेली. त्याच्या भरतीनंतर तेराव्या दिवशी, २५ एप्रिलला, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या तुकड्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या. मृतांच्या याद्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या तेव्हा जिम मेलबर्नजवळच्या छावणीत शिकत होता. त्याला परत आणायला आईला एक जन्मतारीख सांगणं पुरेसं होतं. पण मुलाने घातलेली भीती तिच्या मनात होती. या आईला दोष देणारं मी काही वाचलं की मला राग येतो. सही तिची घेतली, तरी निर्णय तिच्या हातात उरलाच नव्हता.

२८ जूनला तो जहाजाने निघाला. इजिप्तहून गॅलिपोलीला जाताना २ सप्टेंबरला ‘साउथलँड’ जहाजावर पाणतीर आदळला. जिम चार तास समुद्राच्या पाण्यात होता. त्यातून वाचला, आणि आठवड्याच्या आत ॲन्झॅकच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या फौजेच्या, खंदकात पोचला. सहा-सात आठवडे तो तिथे होता. पत्रांतून तो घरच्यांना सांगत राहिला की काळजी करू नका, आणि घरचं एकही पत्र मिळत नाही हेही सांगत राहिला. घरून पत्रं जात होती. त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

त्याला गोळी लागली नाही. गॅलिपोलीत दोन्ही बाजूंच्या खंदकांमध्ये पुरायला न मिळालेली प्रेतं पडून असत. माश्या अन्नावर बसत. पिण्याचं पाणी जहाजाने आणून मापाने वाटावं लागे. शौचाच्या चरांची सोय अपुरी होती. हगवण आणि विषमज्वर यांनी फौज पोखरून टाकली. जिमला विषमज्वर झाला आणि तो आजार अंगावर काढत खंदकातच राहिला. २५ ऑक्टोबरला त्याला ‘ग्लेनार्ट कॅसल’ या इस्पितळ-जहाजावर नेलं, तेव्हा तो फारच खंगलेला होता. त्याच संध्याकाळी त्याचं हृदय बंद पडलं. देह समुद्रात सोडण्यात आला. जहाजावरच्या मेट्रन फ्रान्सिस रेडॉक यांनी आईला पत्र लिहून कळवलं की तो शेवटी शांत होता, आणि परिचारिकांचे आभार मानत होता.

यानंतर दोन महिन्यांच्या आत, २० डिसेंबरपर्यंत, ॲन्झॅकचा किनारा पूर्ण रिकामा करून फौज मागे घेण्यात आली. गॅलिपोलीत आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन गेले. समोरच्या ऑटोमन तुर्की बाजूचे मृत याच्या कित्येक पट होते.

आपल्याकडेही साताऱ्यात, कोकणात काही गावांतून ब्रिटिशांनी बसवलेल्या दगडी पाट्या दिसतात. या गावातून पहिल्या महायुद्धात इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर. जिम खंदकात होता त्याच महिन्यांत सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात होती, आणि तिच्यातल्या मराठा पलटणी पुढे तिथल्याच कूत गावाच्या वेढ्यात अडकल्या. जिमचं नाव, जन्मतारीख, लष्करी कागद राहिले, म्हणून त्याचं वय आज आपण जाणतो. आपल्या पाट्यांवर फक्त आकडे आहेत. त्या आकड्यांत कोवळी पोरं किती होती, हे त्या दगडावरून कळत नाही. तिथेही असतील असं मानायला मात्र जागा आहे, कारण वयाची खातरजमा करणारा कागद तिथेही क्वचितच असे.

आज काय आहे? मुलांना युद्धापासून दूर ठेवणारा संयुक्त राष्ट्रांचा करार २००० साली झाला. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये तो मान्य केला, पण स्वेच्छेच्या भरतीचं वय १७ ठेवलं. जन्मदाखला आणि पालकांची संमती आता लागते. भारताने २००५ मध्ये करार मान्य केला आणि त्या वेळच्या घोषणेत हे वय १६ नोंदवलं. दोन्ही देश म्हणतात की अठराच्या आत कुणालाही प्रत्यक्ष लढाईत पाठवणार नाही. जिमच्या काळाच्या मानाने ही फार मोठी मजल आहे. तरीही मताचा हक्क अठराव्या वर्षी देणाऱ्या या दोन देशांनी, ज्याला अजून मत नाही त्याच्याकडून जिवावर उदार होण्याचा करार लिहून घेऊ नये. भरतीची अट पूर्ण अठरा वर्षांची करावी, पालकांच्या सहीने ती सैल करू नये, आणि आपल्या घरातला मुलगा भरतीला निघाला असेल तर ही मागणी आपणही करावी.