नव्यासारखी

“वा! अगदी नव्यासारखी झाली हो!”

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी सायकलच्या मागच्या चाकाचा आऊट काढून ती नुकतीच सरळ उभी केली होती. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा भाजीची पिशवी घेऊन चालले होते. ते थांबले, सीटवर हात ठेवून त्यांनी सायकल दोनदा खाली दाबली, ती अलगद वर आली, आणि एवढं म्हणून ते लिफ्टकडे गेले. त्यांच्या बोलण्यात कौतुकाशिवाय काही नव्हतं. तरी ते वाक्य मला टोचलं. सात महिने दर रविवारी मी जे करत होतो ते तिला नव्यासारखी करण्यासाठी नव्हतंच. मग कशासाठी होतं, ते मात्र मला एका दमात सांगता येईना. त्याच संध्याकाळी सोसायटीतल्या एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, “काका, विकणार असाल तर आधी मला सांगा.” तेही मनात राहिलं.

सायकल १९९७ सालची, अमेरिकन, अल्युमिनियमची, डोंगरात चालवायची, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली. माझा मामेभाऊ तिकडची नोकरी सोडून पुण्याला परतला तेव्हा घरसामानाच्या कंटेनरमधून ती आली. २००४ पर्यंत त्याने ती वेताळ टेकडीवर भरपूर चालवली. मग गुडघा दुखावला आणि सायकल जिन्याखाली गेली. तिथे ती वीस वर्षं उभी राहिली.

जुन्या वस्तूचा विषय निघाला की थिसिअसच्या जहाजाचं कोडं कुणीतरी काढतंच: एकेक फळी बदलत सगळं जहाज बदललं, तर ते तेच का? वाचकांना ते ठाऊक आहे, म्हणून पुढे जातो. मला त्या कोड्यात एक खोट दिसते. त्यातल्या सगळ्या फळ्या एकाच तऱ्हेने जुन्या होतात. पाना हातात घेऊन एखादी जुनी सायकल उघडली की तासाभरात कळतं, काही भाग झिजलेले असतात आणि काही कुजलेले. झिजायला वापर लागतो. कुजायला नुसता काळ पुरतो.

पुढचा चिमटा उघडला तेव्हा हे मला पहिल्यांदा नीट दिसलं. त्या काळी बऱ्याच चिमट्यांत स्प्रिंगऐवजी पॉलियुरेथेनच्या फेसाळ ठोकळ्यांची उतरंड असे. माझ्या चिमट्यात ठोकळे उरलेच नव्हते. काकवीसारखा पिवळट चिकटा होता, बोटाला लागला तो रॉकेलनेही सुटेना. दमट हवेत या पदार्थाच्या रेणूंची साखळी आतून तुटत जाते. कपाटात जपून ठेवलेले बूट चार वर्षांनी लग्नाला घालावेत आणि मांडवात तळ भुगा होऊन गळावा, त्याचं कारणही हेच. मागच्या शॉकमध्ये हवा टिकत नव्हती. तो उघडण्याआधी हवा पूर्ण सोडायची आणि पोटातल्या नायट्रोजनच्या कप्प्याला हात लावायचा नाही, एवढं पाळलं तर हे काम घरच्या टेबलावर होतं. आतल्या ओ-रिंग एका बाजूने चपट्या होऊन प्लॅस्टिकच्या बांगडीसारख्या कडक झाल्या होत्या. खाचेचं माप घेऊन हायड्रॉलिक सीलच्या दुकानात गेलो, तशाच नायट्राइल रबरच्या किरकोळ पैशांत मिळाल्या. मागचा स्विंगआर्म ज्या सांध्यावर खालीवर होतो तिथली बेअरिंगं जाम होती, पण कडेचा नंबर शाबूत होता: ६९०२. आतून १५ मिलिमीटर, बाहेरून २८, जाडी ७. दुकानात नंबर सांगितला आणि जोडी हातात पडली.

टायरची काळजी होती, तीही फिटली. डोंगरी सायकलींच्या दुनियेने २६ इंची चाक केव्हाच टाकून दिलं, आता तिथे साडेसत्तावीस आणि एकोणतीस चालतं. आपल्याकडे मात्र शाळकरी पोरांच्या सायकली अजून सव्वीसवरच आहेत, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातही टायर लटकत असतो. नीट बघून घ्यावा लागतो एवढंच, कारण २६ बाय १⅜ हा ५९० मिलिमीटरच्या रिमचा आणि डोंगरी सव्वीस ५५९ च्या रिमचा.

ही झाली कूज. आता झीज. क्रँकच्या दोन्ही दांड्यांवर कंपनीचं नाव आहे. डाव्या दांडीवर ते पूर्ण वाचता येतं. उजवीवरची तीन अक्षरं गेली आहेत आणि तिथला धातू जुन्या नाण्यासारखा गुळगुळीत झाला आहे. माझा मामेभाऊ उजवा पाय जरा बाहेर फाकवून चालतो. पेडल मारताना त्याची टाच आत यायची आणि दांडीला घासायची. सात वर्षांची ती टाच तिथे आहे. हँडल वळताना ब्रेकची केबल फ्रेमला घासून नखाएवढी चकाकती कोर उमटली आहे, तीही मी तशीच ठेवली. गंजण्यापेक्षा झिजणं बरं, हे शाळेच्या फळ्यावर आपण सगळ्यांनी वाचलं आहे. मला त्याच्या पुढचं म्हणायचं होतं: दुरुस्त करणाऱ्याने कूज काढावी आणि झिजेला हात लावू नये.

लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला येई. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून तो भट्टी लावी, त्याचा पोरगा भाता हलवी. भांडं तापलं की नवसागर पडे, नाकात जाणारा पांढरा धूर उठे, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवला की काळं पितळ आतून चांदीसारखं होई. आजीच्या मोठ्या पातेल्याला एका अंगाला पोचा होता आणि काठावर तिच्या लग्नात ते देणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. कल्हईवाल्याने पोचा कधी काढला नाही आणि नाव कधी घासलं नाही. त्याचं काम एकच, त्यात शिजवलेली आमटी कळकू नये. फुटलेलं भांडं तो परत देई. त्याला डाख लावायचा तर तांबट आळीत न्या, आणि डाखानेही भागणार नसेल तर मोडीत घाला, असं सांगे. किती वेळा डाख लावायचा आणि केव्हा मोडीत घालायचं, हे घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक असे. या शेवटच्या गोष्टीकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, आणि परवापर्यंतही दिलं नव्हतं.

माझा एक मित्र जुन्या सायकली जमवतो. त्याचं या विषयातलं वाचन माझ्यापेक्षा जास्त आहे आणि आमचं कधीच पटत नाही. माझी सायकल पाहून तो म्हणाला, “अर्धवट सोडलीस. रंग काढ, पावडर कोटिंग कर, स्टिकर छापून घे, १९९७ च्या कॅटलॉगात होती तशी कर आणि भिंतीवर लाव. टेकडीवर नेऊ नकोस.” ज्याला मी झीज म्हणतो त्याला तो पहिल्या मालकाचा हलगर्जीपणा म्हणतो.

मला याचा राग येतो, आणि डोंगरी सायकलीच्या बाबतीत तर फारच येतो. ही सायकल जन्माला आली तीच जुन्या सायकलींची मोडतोड करून. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात, माउंट टॅमलपाइसच्या उतारांवर काही तरुणांनी १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या श्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि त्यांना गिअर अन् मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर लावले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथल्या रिपॅक नावाच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. नाव तसं पडलं, कारण एका उतरणीत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर होई आणि खाली पोचल्यावर हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. खास डोंगरासाठी बांधलेली जो ब्रीझची पहिली फ्रेम आली ती १९७७ मध्ये. मोटोक्रॉसच्या जगातून आलेल्या पॉल टर्नरने १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा चिमटा आणला, आणि पुढच्याच वर्षी डुरँगोच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने तो वापरून उताराची शर्यत जिंकली. यातल्या एकाने जरी मूळ रूप जपायचं व्रत घेतलं असतं, तरी माझ्या मित्राला भिंतीवर लावायला काही मिळालं नसतं. अशा वस्तूला कॅटलॉगातल्या एका दिवसावर खिळवून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. ती त्या दिवशी कुठेच गेलेली नव्हती.

एका बाबतीत त्याने मला वेळीच अडवलं होतं, हे सांगायला हवं. कुजलेल्या ठोकळ्यांचा कंटाळा येऊन मी नवा १०० मिलिमीटर खेळाचा चिमटा बसवणार होतो. फ्रेम ६३ मिलिमीटरसाठी बांधलेली. पुढची बाजू इतकी उचलली की हँडलचा कोन जवळजवळ दोन अंशांनी पडतो आणि फ्रेमच्या डोक्यावर तरफ वाढते. मी जुनाच चिमटा ठेवला आणि भोसरीत मापाची स्प्रिंग करून घेतली. म्हणजे भाग बदलला तरी चालतो, माप बदलून चालत नाही. इथपर्यंत आमचं एकमत आहे.

या लेखाचा पहिला खर्डा मी इथेच संपवला होता. वस्तू चालते तोवरच जिवंत असते, म्हणून चालवा, असा त्याचा शेवट होता. मग वाटलं, झिजेची आणखी एक खूण लिहावी. स्विंगआर्मच्या आतल्या बाजूला, शॉकचा कान जिथे वेल्ड केला आहे, तिथे एक ओरखडा होता. साखळी निसटून लागल्याचा असेल असं मी सात महिने धरून चाललो होतो. वर्णन नेमकं यावं म्हणून बुधवारी सकाळी सायकल उन्हात नेली आणि ती जागा फडक्याने पुसली. ओरखड्याला तळ असतो आणि तो चकाकतो. या रेघेला तळ नव्हता. नख आडवं फिरवलं, ते अडकलं. वेल्डच्या पायथ्याशी, वेल्डच्याच वळणाने ती रेघ गेली होती.

स्विंगआर्म सोडवून भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये नेला. त्यांनी त्यावर लाल रंग मारला, थोडा वेळ थांबून पूर्ण पुसून काढला आणि वर पांढऱ्या पावडरीचा फवारा दिला. मिनिटाभरात पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. मला दिसत होती त्याच्या दुप्पट लांब.

ही ना झीज, ना कूज. वापराने आली म्हणून झीज म्हणावी, तर झीज दिसते, हाताला लागते, तिचा हिशेब ठेवता येतो. ही आतल्या आत वाढते. धातूशास्त्रात हिला थकवा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस मध्येच का तुटतात याचा शोध घेताना ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने तो मोजला: एका वेळी सहज पेलवणारा भार लाखो वेळा दिला की धातू तुटतो. पोलादाला निदान एक मर्यादा असते, तिच्याखालचे हेलकावे ते कितीही सोसतं. अल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, त्याच्या खात्यात प्रत्येक लहान धक्काही जमा होतो. १९५४ मध्ये कॉमेट विमानं आकाशात फुटली ती याच कारणाने, आणि ती जुनाट नव्हती. शॉकअपच्या सायकलीत तर मागचा भाग हलण्यासाठी, वाकण्यासाठीच असतो.

वर्कशॉपमधला मुलगा म्हणाला, “टिग मारून देतो, दिसणार पण नाही.” त्याने चांगल्या मनाने सांगितलं. पण अशा मिश्रधातूची ताकद कारखान्यातल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून येते. वेल्डच्या आचेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो, आणि ६०६१ सारखा धातू असेल तर सगळा भाग पुन्हा ५३० अंशांच्या आसपास तापवून, झटकन थंड करून, मग मंद आचेवर मुरवावा लागतो. तेवढं कुणी करत नाही. वरून रंग मारतात.

आता मला माझंच म्हणणं मागे घ्यावं लागत आहे. जिन्याखाली वीस वर्षं उभी राहून सायकल कुजली, पण त्या वीस वर्षांत ती थकली नाही. रेघ जिथे होती तिथे थांबून होती. तिला पुन्हा हलती केली मी, नवी बेअरिंगं घालून, शॉकमध्ये हवा भरून, दोन रविवार वेताळ टेकडीवर नेऊन. भिंतीवर लाव, हे मित्राचं म्हणणं या एका सायकलपुरतं बरोबर होतं, त्याचं कारण त्यालाही माहीत नसलं तरी. आणि आजोबांचं वाक्य का टोचत होतं तेही कळलं. ती नव्यासारखी दिसत होती. दाबली की अलगद वर येत होती. तो कॉलेजचा मुलगा तेवढंच बघून ती विकत घेणार होता आणि पुढच्या रविवारी उतारावर नेणार होता.

मूळ भाग कधी टाकायचा नाही, हा माझा आजवरचा नियम. शनिवारी दुपारी मी तो स्विंगआर्म व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने मधोमध कापला, कारण अखंड राहिला असता तर कधीतरी कुणीतरी तो रंगवून बसवला असता. दोन्ही तुकडे भंगारात दिले. टाचेने गुळगुळीत झालेला क्रँक मामेभावाला नेऊन दिला. मित्राला फोन करून रेघेचं सांगितलं, त्याने त्याच्या भिंतीवरच्या सगळ्या अल्युमिनियमच्या सायकली खाली उतरवून बघायला घेतल्या आहेत.

तुमच्या माळ्यावर किंवा जिन्याखाली अशी सायकल असेल तर एक करा. शॉक, बेअरिंग, टायर काहीही आणण्याआधी ती उन्हात न्या, मागचा भाग स्वच्छ पुसा आणि प्रत्येक वेल्डच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर ती सायकल कुणालाही विकू नका, आणि देऊही नका.