दुनळी आणि चार्वाक

खंडेनवमीला कोल्हापूरकडच्या मुरगूडच्या घरांत कोयता, कुऱ्हाड, मोटारसायकल, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. परवान्याची बंदूक असेल तर तीही पाटावर येते: बारा बोअरची दुनळी, बहुधा विलायती, पणजोबांच्या वेळची. दाजीपूरचं रान १९५८ मध्ये अभयारण्य झालं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर निर्बंध आले. बंदूक घरातच राहिली. आजचं काडतूस हिच्यात चालेल का, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘आजोबांनी जन्मभर उडवली, कधी काही झालं नाही.’

पण काल घडलं तेच उद्या घडेल, हे कशावरून? आपल्या दर्शनांत हा वाद शतकानुशतकं गाजला. चार्वाक म्हणे, प्रत्यक्ष तेवढंच प्रमाण, बाकी अंदाज. नैयायिकांनी अनुमान सोडलं नाही, पण उपाधी, म्हणजे आड लपलेली अट, शोधायला सांगितली. धूर असेल तिथे अग्नी असतो, हे खरं. उलट मात्र खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यातून धूर निघत नाही. धुराला ओलं जळण लागतं, आणि ती ओल हीच उपाधी. गुऱ्हाळाच्या चुलवणात ओलं चिपाड घातलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

आजोबांच्या अनुभवाची उपाधी त्यांच्या काडतुसात होती.

त्या काळच्या कित्येक दुनळ्यांचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अडीच इंचांचं असे; त्याला ६५ मिलिमीटरचं म्हणतात, आणि आजोबांची काडतुसंही त्याच मापाची. आजचं नेहमीचं काडतूस ७० मिलिमीटरचं; पण ही लांबी तोंड उलगडल्यावरची. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते जुन्या चेंबरमध्ये अलगद बसतं आणि बंदूक खटकन मिटते. बार उडाला की दुमड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब चढतो. चार्वाकाचं प्रत्यक्षही इथे फसतं.

नळी दमास्कस असेल तर धोका आणखी मोठा. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या त्या नळीवर सुरेख लहरी दिसतात. जोडांत शिरलेला गंज दिसत नाही.

उरलं शब्दप्रमाण, म्हणजे जाणत्याची साक्ष. नळ्यांच्या बुडाशी, खालच्या अंगाला लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीचे छाप असतात. पण छाप साक्ष देतो ती चाचणीच्या दिवसाची. पुढे नळी गंजली किंवा आतून घासली गेली, तर त्या साक्षीवर विसंबता येत नाही.

अशी शंका घेणं म्हणजे पूर्वजांवर अविश्वास, असं काहींना वाटतं. पण मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. पावसाळाभर पडून असलेलं हत्यार त्याआधी पारखून घेणं, हाही शस्त्रपूजेचाच भाग मानायला हवा.

तेव्हा घरच्या दुनळीत काडतूस भरण्याआधी परवानाधारक कारागिराकडून चेंबरची लांबी आणि नळीची जाडी मोजून घ्यावी, छाप वाचून घ्यावेत. चेंबर ६५ चं निघालं तर त्यात ७० चं काडतूस घालू नये. नळी दमास्कस निघाली तर बंदुकीची पूजा खुशाल करावी, बार मात्र काढू नये.