बिब्ब्याखालचा डाग

धर्मापुरीच्या आबांच्या टाचेला काळा डाग दिसला तेव्हा घरच्यांचं मत पडलं, फडात काटा मोडला, कुरूप झालं. आबांनी बिब्बा तापवून टाचेला चटका दिला. बिब्ब्याने कातडी काळी पडतेच. मूळचा डाग त्या काळ्यात बुडाला. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली, कोयता थांबणार कसा? हंगाम संपवून चैत्रात परतले तेव्हा जांघेत गाठ होती. पायाला लागलं की अवधाण येतंच, म्हणत आणखी महिना गेला.

अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात टाचेचा तुकडा काढून तपासला. निदान झालं मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. गोऱ्या लोकांत तो बहुधा उन्हाने होतो. आपल्याकडे तो पुष्कळदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली निघतो, जिथे उन्हाचा संबंधच नाही. म्हणूनच कुणाला त्याचा संशय येत नाही.

आबांना एकच विचारायचं होतं. "मॅडम, रक्तात सगळं कळतं म्हणं. किती दिस हाईत ते सांगा, म्हंजी उचल फेडायचं बघतो."

डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढला. "आबा, हे दोन आकडे वाढलेत. एस-१००-बी हे प्रथिन या गाठीच्या पेशींत असतं. गाठ वाढली की रक्तात उतरतं. दुसरं एलडीएच. ते अंगातल्या प्रत्येक पेशीत असतं, पेशी मोडल्या की बाहेर पडतं."

"मग माझं ठरलंच."

"नाही. लिव्हर बिघडलं तरी एलडीएच वाढतं, रक्त काढताना नीट हाताळलं नाही तरी वाढतं. आजार किती पसरला असावा, औषधाची किती घाई करायची, एवढंच यातून समजतं. असे आकडे असलेल्या शंभर माणसांबद्दल काही सांगता येतं. तुमच्या एकट्याचा दिवस यात लिहिलेला नसतो."

मग त्यांनी दुसरा कागद काढला. त्यावर गाठीची खोली होती. ब्रेस्लो नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७० साली दाखवून दिलं, की डाग कातडीत किती मिलिमीटर खोल गेलाय यावरून पुढचा पुष्कळ अंदाज येतो. एकच्या आत असेल तर बहुतेक माणसं बरी होतात. चारच्या पुढे धोका फार वाढतो. आबांची खोली सहा होती.

आबांनी विचारलं, "मागल्या दिवाळीला किती असंल?"

"ते कुणी मोजलंच नाही, आबा."

त्या इमारतीत त्या दिवशी याहून मोलाचा प्रश्न कुणी विचारला नसेल, असं मला वाटतं.

मुंबईला टाटा रुग्णालयात उपचार सुरू झाले. दसऱ्याच्या सुमारास आबा गावी आले ते काठी टेकत. टोळ्या निघायच्या बेतात होत्या. चालुक्यांच्या काळातल्या केदारेश्वराच्या देवळाबाहेर आबा बादली आणि फडकं घेऊन बसले. येईल त्याला म्हणत, "पाय दाव." पोरं संकोचायची. वडीलधाऱ्याने आपला पाय धुवावा हे कुणाला रुचेना. बायकांचे पाय आबांची बायको बघायची. डाग दिसला की दोघं विचारायची, कधीपासून आहे, वाढतोय का. कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे गडद कुठे फिका, असं दिसलं की अंबाजोगाईला धाडायची.

एका सुनेच्या चवड्याखाली तुरीच्या डाळीएवढा डाग निघाला. सासूने घरी बिब्बा काढूनच ठेवला होता. आबांची बायको तिच्या घरी गेली, तो बिब्बा मागून घेतला आणि दुसऱ्या सकाळच्या एसटीने पोरीला घेऊन निघाली.

तिचाही मेलानोमाच निघाला, पण खोली ०.६ मिलिमीटर. डाग भोवतालच्या चांगल्या कातडीसकट कापून काढला, कडा स्वच्छ आल्या.

टाके काढायला आली तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, माझं रक्तातलं न्हाई बघायचं? आबांचं बघितलं की."

"तुला ती तपासणी लागत नाही. पाय मात्र दाखवत राहायचा, आणि घरी दर महिन्याला स्वतः बघायचा."

तिच्या नवऱ्याने मुकादमाशी अर्ध्या कोयत्याचा, म्हणजे आपल्या एकट्याचा, हिशेब केला. उचल निम्मीच मिळाली, घरात ओढाताण झाली. ती त्या हंगामात गावातच राहिली.