तेरा गाड्या, एक नाव

जॉन लँडिस यांच्या १९८० सालच्या ‘द ब्लूज ब्रदर्स’ या चित्रपटातली ‘ब्लूजमोबिल’ म्हणजे इलिनॉय राज्यातल्या माउंट प्रॉस्पेक्टच्या पोलिसांनी लिलावात विकलेली १९७४ ची डॉज मोनॅको. पडद्यावर ती एकच गाडी आहे. प्रत्यक्षात चित्रीकरणाला तेरा गाड्या लागल्या, आणि त्या होत्या कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांनी सेवेतून काढलेल्या. शेवटी शिकागोत जिचे सगळे भाग गळून पडतात, ती तर तेवढ्यासाठीच सज्ज केली होती. मग खरी ब्लूजमोबिल कोणती?

हा प्रश्न ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथाइतका जुना आहे. भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतात, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि अखेर मान्य करतो की, या अवयवांच्या आधाराने ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव चालते. ब्लूजमोबिल याच विचाराला पुष्टी देते. तिथे सुटे भागच नव्हे, अख्ख्या गाड्या वेगवेगळ्या होत्या. तरी प्रेक्षकाला एकच गाडी दिसली. तिच्या आत दडलेले, न बदलणारे असे काही नव्हतेच.

यावर रास्त आक्षेप येतो: एकत्व जर नावापुरतेच, तर आज कुणी तसाच रंग देऊन उभी केलेली गाडीही तितकीच खरी मानावी लागेल. त्याचे उत्तरही त्याच ग्रंथात आहे. नागसेनांच्या एका दृष्टांतात आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने लावलेले आंबे वेगळे, मी नेलेले वेगळे. नागसेन विचारतात तेव्हा राजा त्याला दोषीच ठरवतो, कारण हे आंबे त्या आंब्यांपासूनच आले. नाव माणसांनी ठरवलेले असते. कार्यकारणाची साखळी घडलेली असते. नव्या प्रतिकृतीला नाव मिळेल, ती साखळी मिळणार नाही.

कुणी म्हणेल, आत दडलेला, न बदलणारा आत्माच नाही तर भूतकाळाचे एवढे ओझे कशाला? उलट, आत्मा नसेल तर घडलेल्या गोष्टींखेरीज वस्तूजवळ आणि माणसाजवळ स्वतःचे म्हणावे असे दुसरे काय उरते? त्या तेरा गाड्यांची कॅमेऱ्यापुढची धाव थोड्या काळाची होती. त्याआधीची पोलिसी नोकरी कुणी चित्रित केली नाही, म्हणून ती कमी खरी ठरत नाही. अनात्मवाद भूतकाळ पुसायची मुभा देत नाही, तो पुरता सांगण्याची जबाबदारी वाढवतो. अशी जुनी गाडी जतन करणाऱ्याने तिची प्रसिद्धी सांगावी, पण तिची नोकरी आधी सांगावी.